बदकाची पिल्लं कवचातच मरतात? मुंबईच्या हवेत ओलीचा हिशेब असा लावा

सव्वीस-सत्तावीस दिवस सगळं नीट चालतं. अंडं टॉर्चवर धरलं की आत पिल्लू हलताना दिसतं, कानाशी नेलं तर बारीक टकटक ऐकू येते. मग अठ्ठाविसावा दिवस येतो, एकोणतिसावाही जातो, आणि डझनातली दोन-चार पिल्लं बाहेर पडतात. बाकीची पूर्ण वाढलेली, अंगावर लव आलेली, कवचातच मेलेली. आमच्या गोराई-उत्तनच्या पट्ट्यात घरी बदकं ठेवणाऱ्यांकडून ही तक्रार वर्षातून दोनदा ऐकू येते: ऐन पावसाळ्यात आणि मग डिसेंबर-जानेवारीत. नाताळसाठी बदकं वाढवणारे पावसाळ्यात अंडी मांडतात, त्यांना तर हा फटका दरवर्षी बसतो. दोष अंडी उबवायच्या मशीनला दिला जातो, नाहीतर अंडी विकणाऱ्याला. बहुतेक वेळा दोष ओलीचा असतो, आणि या दोन हंगामांत तो अगदी उलट असतो. म्हणून जुलैतला अनुभव गाठीशी बांधून जानेवारीत मशीन चालवलं की पुन्हा पिल्लं जातात, आणि माणूस 'बदकाचं आपल्याला जमत नाही' म्हणून नाद सोडतो. असं होऊ नये, कारण गोष्ट जमण्यासारखी आहे.

आधी एक वगळून टाकू. पहिल्या आठवड्यात मेलेली अंडी, म्हणजे आत नुसतं रक्ताचं कडं दिसतं ती, ओलीमुळे गेलेली नसतात. तिथे तापमान बघा, अंडी किती जुनी होती ते बघा. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश लागतात. पंखा नसलेल्या थर्मोकोलच्या पेटीत अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून ३८.३ ते ३८.९. हे जुळलेलं नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. आधी ते जुळवा.

मेलेलं अंडं उघडून बघा

हे काम कुणालाच आवडत नाही, पण खरं निदान इथेच होतं. तीस दिवस उलटून गेले, आत काहीच हालचाल नाही याची खात्री झाली, की अंडं मोकळ्या जागेत न्या, हातमोजे घाला आणि रुंद टोकाकडून कवच हळूहळू सोलत या. या टोकाला हवेची पोकळी असते.

पोकळी लहानशी निघाली, पडदा ओला, तो फोडताच चिकट पाणी बाहेर आलं, पिल्लू फुगल्यासारखं आणि कवचात गच्च बसलेलं, बलकाचा काही भाग अजून पोटाबाहेर आणि बेंबी उघडी, तर अंड्यातलं पाणी उडालंच नाही. अशा पिल्लाला पहिला श्वास घ्यायला पोकळीत पुरेशी हवा मिळत नाही. चोच पुढे केली की ती पाण्यातच जाते.

पोकळी खूप मोठी निघाली, पडदा पांढरा, चिवट, कागदासारखा कोरडा आणि पिल्लाच्या लवेला घट्ट चिकटलेला, पिल्लू आकाराने लहान, तर पाणी जास्त उडालं. अशा अंड्यावर बाहेरून चोचीचा एक टवका बऱ्याचदा दिसतो, पण पुढे काहीच नाही. पिल्लाने कवच फोडलं, पण पडद्याने आवळल्यामुळे त्याला आत गोल फिरता आलं नाही.

बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून उघडल्याशिवाय ठरवू नका. एकाच अंड्यावरूनही ठरवू नका, तीन-चार तरी बघा.

आकडा मशीन ठरवत नाही, खोली ठरवते

मशीनबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं असतं: पंचवीस दिवस ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ७० टक्के, आणि त्यासाठी अमुक खणात पाणी भरा. आकडे बरोबर आहेत. खणाचं सांगणं मात्र जिथे तो कागद लिहिला गेला तिथल्या हवेपुरतं खरं.

हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते. खोलीतली हवा मशीनमध्ये शिरून ३७.५ अंशांना तापली की तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं, पण टक्का घसरतो. किती घसरतो ते घरच्या घरी काढता येतं. खोलीतली आर्द्रता टक्क्यांत घ्या. खोली २४ अंशांवर असेल तर तिला ०.४६ ने गुणा, २६ ला ०.५२ ने, २८ ला ०.५९ ने, ३० ला ०.६६ ने आणि ३२ ला ०.७४ ने. उत्तर येईल ते तुमच्या मशीनचं पाण्याचा थेंबही न घालता येणारं वाचन.

आता मुंबईचे आकडे घालून बघा. जुलैतली दुपार, खोली ३० अंश, हवेत ८५ टक्के ओल: मशीनमध्ये ५६. म्हणजे बदकाला जेवढी ओल हवी तेवढी पावसाळ्याची हवा स्वतःच घेऊन येते. त्यात दोन्ही खण भरले की आकडा ७० च्या वर जाऊन बसतो आणि तिथेच पंचवीस दिवस राहतो. पिल्लं पाण्यात जातात ती यामुळे. जानेवारीत खोली २६ अंश, ओल ५० टक्के धरली तर मशीनमध्ये २६. तिथे एक खण भरून भागत नाही. मे महिन्यात पाऊस नसला तरी समुद्रावरून येणारी हवा इतकी दमट असते की कोरड्या मशीनचं वाचन पन्नाशीला टेकतं. उन्हाळा म्हणजे कोरडी हवा हे पुण्या-नाशिकला ठीक. इथे तो नियम चालत नाही, आणि तिकडच्या पाळणाऱ्यांचा पाण्याचा हिशेब इथे जसाच्या तसा उचलू नये.

आणखी एक, जे फ्लॅटमध्ये मशीन ठेवणाऱ्यांना पटकन लक्षात येत नाही. एसीची खोली भर पावसाळ्यातही कोरडी असते. २४ अंश आणि ५५ टक्के ओल म्हणजे मशीनमध्ये जेमतेम २५. रात्री एसी चालू, सकाळी बंद आणि खिडक्या उघड्या, असं चाललं तर मशीन एका दिवसात जानेवारी आणि जुलै दोन्ही बघतं. मशीन एसीच्या खोलीत ठेवायचं तर एसी सतत एकाच पद्धतीने चालू हवा. नाहीतर सरळ दुसऱ्या खोलीत ठेवा. स्वयंपाकघरही नको. कुकरच्या शिट्ट्या आणि दोरीवरचे ओले कपडे हवेत किती पाणी सोडतात ते मीटर लावून एकदा बघाच.

म्हणून अंडी मांडायच्या आधी मशीन एक पूर्ण दिवस रिकामं आणि कोरडं चालवा. सकाळ, दुपार, रात्र वाचन लिहून ठेवा. पन्नाशीच्या आसपास असेल तर पाणी नको. तीस असेल तर एक खण भरून पुन्हा बघा. अंडी आत नसताना केलेल्या प्रयोगात कुणाचा जीव जात नाही.

मीटरवर आंधळा विश्वास नको

लॅमिंग्टन रोडवर मिळणारे छोटे डिजिटल ह्युमिडिटी मीटर उपयोगी आहेत, पण त्यातले दोन शेजारी ठेवले तर दहा टक्क्यांचा फरक सहज दिसतो. तपासायचा जुना आणि खात्रीचा उपाय मिठाचा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं सरसरीत करा. मीठ विरघळून जाता कामा नये, वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मीटर दोन्ही एका झिपच्या पिशवीत बंद करून खोलीत दहा-बारा तास ठेवा, एकमेकांना लागू देऊ नका. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हा मिठाचा गुणधर्म आहे, ऋतू कुठलाही असो. मीटर ६९ दाखवत असेल तर तो सहा कमी दाखवतो. तेवढं त्याच्या पाठीवर लिहून चिकटवा. दर हंगामाच्या सुरुवातीला हे पुन्हा करा, कारण दमट हवेत राहून हे मीटर सरकतात.

मशीनमध्ये मीटर अंड्यांच्या पातळीला, पंख्याच्या झोतापासून आणि पाण्याच्या खणापासून दूर ठेवा.

आणि काचेवरच्या वाफेवरून अंदाज बांधू नका. झाकणाला आतून धुकं धरलं की लोक घाबरून पाणी काढून टाकतात. ३७.५ अंश आणि ५५ टक्के असलेली हवा २७ अंशांपेक्षा थंड पृष्ठभागाला लागली की धुकं धरणारच. एसीच्या खोलीत किंवा जानेवारीच्या रात्री झाकण तेवढं थंड असतंच. आत ओल बरोबर असतानाही काच धूसर दिसू शकते.

शेवटचा शब्द वजनाचा

माझं ठाम मत असं की बदकाच्या बाबतीत मीटर हा सल्लागार आहे, निकाल तराजू देतो. आपल्याला टक्का सांभाळायचा नसतो, अंड्यातून ठराविक पाणी उडवायचं असतं. पहिल्या दिवसापासून पंचविसाव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण १२ ते १४ टक्क्यांनी उतरायला हवं. कुणाचं कवच जाड, कुणाचं सच्छिद्र. एकाच ५५ टक्क्यांत दोन बदकांची अंडी वेगळी वागतात. वजन हे सगळं धरून उत्तर देतं.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा असेल तर सगळी अंडी एकत्र तोला. समजा १२ अंडी, मिळून ८४० ग्रॅम. त्याचे १३ टक्के म्हणजे १०९ ग्रॅम. हे पंचवीस दिवसांत जायचे, म्हणजे सातव्या दिवशी साधारण ३१ ग्रॅम कमी दिसायला हवेत, चौदाव्या दिवशी ६१, एकविसाव्या दिवशी ९२. सातव्या दिवशी १८ च कमी झाले असतील तर आत ओल जास्त आहे, पाणी काढा. ४५ गेले असतील तर पाणी वाढवा. चूक चौदाव्या दिवशी कळली तरी उरलेल्या दिवसांत भरून काढता येते. सलग कोरडं चालवून मागे पडलेलं वजन पुढे उतरवता येतं. म्हणूनच सातवा आणि चौदावा दिवस चुकवू नका.

पहिल्या दिवशी प्रत्येक अंड्याचं वेगळं वजन पेन्सिलीने कवचावर लिहून ठेवा. आठव्या-दहाव्या दिवशी कोरी, म्हणजे पिल्लू न धरलेली, निघालेली अंडी काढून टाकली की उरलेल्यांचं मूळ वजन त्यामुळेच कळतं. स्केचपेन नको, शाई छिद्रांतून आत जाते. ०.१ ग्रॅमचा छोटा काटा मिळाला तर उत्तम, मग एकेका अंड्याचा हिशेब ठेवता येतो. तोलायला अंडी दहा मिनिटं बाहेर राहिली तर काही बिघडत नाही.

टॉर्चवर पोकळीची रेघ पेन्सिलीने आखत गेलात तर तीही वजनाला दुजोरा देते. पंचविसाव्या दिवशी पोकळीने अंड्याचा साधारण एक तृतीयांश भाग घेतलेला दिसायला हवा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर पंचविसाव्या दिवसापर्यंत खण कोरडे ठेवा. पाणी न घालता मशीन चालवायला हात धजत नाही हे मी समजू शकते, पण वजनाकडे बघा आणि धीर धरा. हवेची भोकं पूर्ण उघडी हवीत. कोरड्या मशीनमध्येही ६२-६५ दिसत असेल तर आधी मीटर तपासा, मग मशीनच्या तळाशी साचलेलं पाणी किंवा ओलं फडकं राहिलंय का ते बघा. त्यानंतरही उतरत नसेल तर खोलीच कोरडी करावी लागते. एसी ड्राय मोडवर सतत चालवा आणि मग हवं तेवढं पाणी घालून आकडा जुळवा. सिलिका जेलच्या पुड्या मशीनमध्ये टाकून फारसं काही होत नाही, कारण भोकांतून दमट हवा सतत येत राहते. भोकं बंद करणं हा तर उपायच नाही. शेवटच्या आठवड्यात पिल्लांना प्राणवायू भरपूर लागतो.

पावसाळ्यातला दुसरा शत्रू बुरशी आणि कुजकी अंडी. बदकं चिखलातली, अंडी घाणीतच घालतात. या दिवसांत घरट्यात कोरडा पेंढा रोज बदला आणि स्वच्छ अंडीच मांडा. अंडी एसीच्या खोलीत साठवली असतील तर बाहेर काढताच त्यांना घाम फुटतो. जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली थंड वस्तूवर हवेतलं पाणी धरतं ते तापमान, २५-२६ अंशांच्या घरात असतो, म्हणजे २३-२४ अंशांचं अंडं खोलीत आणलं की कवचावर पाणी धरतं, आणि त्या पाण्यातून जंतू छिद्रांमार्फत आत शिरतात. असं अंडं पुसू नका. पंख्याखाली कोरडं होऊ द्या, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच मांडा. फ्रीजमध्ये तर ठेवूच नका. चार-पाच दिवसांत जेवढी जमतील तेवढीच मांडा.

हिवाळा

इथे पाणी घालायचं, पण कसं ते महत्त्वाचं. खण किती खोल याने काही फरक पडत नाही, पाण्याचा उघडा पसारा किती यावर आर्द्रता ठरते. खोल वाटीऐवजी पसरट ताटली घ्या. तरीही कमी पडलं तर स्पंज किंवा सुती कापडाची पट्टी पाण्यात उभी ठेवा, तिच्या दोन्ही बाजूंनी बाष्प सुटतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर पट्टीवर क्षार धरून ती कडक होते, मग तिच्यातून पाणी वर चढत नाही. आठवड्याला बदला. पाणी घालताना कोमट घाला, थंड पाण्याने मशीनचं तापमानही पडतं. झाकण न उघडता बाहेरून नळीने पाणी सोडायची सोय करता आली तर फार बरं.

शेवटचे तीन दिवस

पंचविसाव्या दिवशी अंडी फिरवणं थांबवा आणि ओल ७० च्या आसपास न्या. पावसाळ्यात यासाठी एक लहान खण पुरतो. हिवाळ्यात ताटली, स्पंज, पट्टी सगळं लागतं. तिथे कमी पडू देऊ नका.

झाकण उघडायचं नाही हा नियम दोन्ही ऋतूंत पाळावा, पण हिवाळ्यात तो जिवावरचा आहे. जानेवारीत एकदा झाकण उघडलं की आतली सगळी ओल जाते, आणि टवका पाडलेल्या पिल्लाचा पडदा बघता बघता आवळतो. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्यामुळे आकडा तेवढा खाली पडत नाही.

बदक कोंबडीपेक्षा सावकाश निघतं. बाहेरून टवका दिसल्यापासून पिल्लू बाहेर यायला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागू शकतात. या वेळात ते आतल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त आणि उरलेला बलक शरीरात ओढून घेत असतं. घाईने कवच सोललं तर रक्तस्राव होऊन मरतं. टवक्यातून दिसणारा पडदा पांढरट आणि ओलसर असेल, पिल्लू आवाज देत असेल, तर हात लावू नका. पडदा पिवळट-तपकिरी होऊन सुकलेला दिसला आणि बराच वेळ काही हललं नाही, तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून, पिळून, फक्त पडद्यावर टेकवा. चोचीच्या भोकावर पाणी जाऊ देऊ नका. रक्तवाहिनी दिसली की थांबा, झाकण लावा.

अंडी रोज गार करून वर पाणी फवारण्याबद्दल नेहमी विचारलं जातं. मादी पाण्यात जाऊन ओल्या अंगाने परत बसते, त्यावरून ही पद्धत आली. पहिल्या आठवड्यानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून गार करायला हरकत नाही, मी ते बाराही महिने करते. फवारा मात्र फक्त हिवाळ्यात, उकळून कोमट केलेल्या पाण्याचा. पावसाळ्यात ओलं कवच म्हणजे जंतूंना आमंत्रण. पंचविसाव्या दिवसानंतर दोन्ही बंद.

मस्कव्ही बदक असेल तर हे दिवस धरू नका. त्यांना अठ्ठावीस नाही, पस्तीस दिवस लागतात. फिरवणं एकतिसाव्या-बत्तिसाव्या दिवशी थांबवायचं आणि तेच १३ टक्के एकतीस दिवसांत वाटायचे, म्हणजे ८४० ग्रॅमच्या बारा अंड्यांतून रोज साडेचारऐवजी साडेतीन ग्रॅम. साधी आणि मस्कव्ही अंडी एकाच मशीनमध्ये मांडायची तर मस्कव्ही सात दिवस आधी ठेवा, म्हणजे फिरवणं थांबवायचा आणि ओल वाढवायचा दिवस दोघांचा एकच येईल.